रजेचा अर्ज आणि पंढरीची वाट



आपल्या दिंडीला शंभर वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेत दिंडीचा इतिहास आलाच पाहिजे असे बैठकीत ठरले आणि ते काम आमच्या गळ्यात पडले. इतिहास म्हटला की वीणा कोणाकोणाकडे होती, पखवाजाला कोण बसायचे, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, पहिला तंबू कोणी दिला, हे सांगायचे असते. ते सगळे या अंकात इतर मंडळींनी लिहिले आहेच. आम्ही मात्र भिशीच्या जुन्या वह्या चाळायला बसलो आणि एक निराळीच गोष्ट हाती लागली. वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहिलेले रजेच्या अर्जांचे कच्चे मसुदे होते. ‘मेहेरबान साहेब यांचे सेवेशी’ अशी सुरुवात, मध्ये दोन-चार ओळींची विनंती आणि खाली अंगठ्यासाठी सोडलेली जागा.

आपली दिंडी पुण्याच्या पेठांतली. सुरुवातीच्या मंडळींत कारखान्यातले होते, रेल्वेतले होते, भवानी पेठेत पोती वाहणारे हमाल होते, छापखान्यात खिळे जुळवणारे होते. निम्म्यांना लिहिता येत नव्हते. मग छापखान्यातले एक-दोघे बसायचे आणि सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचे. त्या वह्या वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, शहरातल्या दिंडीचा इतिहास म्हणजे निम्मा रजेचा इतिहास आहे. गावाकडचा वारकरी आभाळाकडे बघून निघतो. शहरातल्याला आधी साहेबाच्या सहीकडे बघावे लागते. म्हणून यंदा रजेवरच लिहायचे ठरवले.

पेरणी उरकून निघणे

आधी मूळ रीत बघू. वारी वर्षाला चार, पण चालायची मोठी वारी आषाढीची. मृग नक्षत्र लागते सात-आठ जूनच्या सुमाराला. पाऊस वेळेवर झाला की पेरणी होते आणि पीक हातभर वाढेपर्यंत शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. नेमक्या त्या उसंतीत वारी येते. तुकोबारायांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माऊलींची आळंदीहून अष्टमीला. तिथून आषाढ शुद्ध एकादशीपर्यंत अठरा दिवस. कोणा एकाने बसून हे वेळापत्रक आखलेले नाही. पण शेतकऱ्याच्या कामाशी ते असे बसले आहे की जणू त्याच्यासाठीच बेतले असावे.

यात एक अट होती आणि ती कोणी लिहून ठेवायची गरज नव्हती. पेरणी उरकल्याशिवाय निघायचे नाही. पाऊस लांबला तर माणूस घरी थांबायचा, पेरायचा आणि मग मागून येऊन सासवडला, लोणंदला, फलटणला दिंडी गाठायचा. आजही गावाकडचे भाऊबंद असेच येतात. उशिरा आला म्हणून त्याला कोणी बोलत नाही. उलट कोणी म्हातारा विचारतो, ‘पेरून आलास ना?’

पालख्यांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तरुण मंडळींसाठी दोन ओळी. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमाराला पालखी सोहळा सुरू केला. तेव्हा माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत असत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी माऊलींचा सोहळा स्वतंत्र केला. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंदे सरकारांच्या पदरी सरदार. सांगतात ते असे की, गावाकडे परतताना सातपुड्यात ते लुटारूंच्या हाती सापडले, हरिपाठ म्हणत राहिले, सुटले आणि घरी न जाता आळंदीला आले. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, तंबू, चोपदार, तुतारी ही लष्करी शिस्त सोहळ्यात आली ती त्यांच्यामुळे. त्यांची समाधी आळंदीला महाद्वाराच्या पायरीशी आहे. आपल्यातले एक जुने टाळकरी गमतीने म्हणायचे, ‘आपण अठरा दिवसांच्या रजेसाठी कुंथतो, हैबतबाबांनी कायमचीच टाकली!’

भोंगा वाजू लागला

पुण्याला १८५८ साली रेल्वे आली. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पाठोपाठ कापडाची गिरणी आली, कागदाची गिरणी आली, छापखाने वाढले. मावळ, मुळशी, पुरंदर, भोरकडची माणसे पोटासाठी शहरात आली. येताना गळ्यातली माळ घेऊन आली. आता पेरणी नव्हती, भोंगा होता. भोंग्याला ज्येष्ठही कळत नाही आणि आषाढही कळत नाही.

आठवड्याची एक सुटीसुद्धा आपोआप मिळालेली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा १८९० साली मालकांनी रविवार दिला. लोखंडे मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. आठवड्याला एक दिवस मिळवायला एवढे पडले, मग सलग पंधरा-अठरा दिवस कोण देणार?

दिंडी सुरू झाली त्या काळात भरपगारी रजा ही गोष्ट कामगाराला माहीत नव्हती. रजा म्हणजे खाडा. जितके दिवस चालाल तितके दिवस पगार बुडाला. वरून परत आल्यावर जागा राहील याची खात्री नाही, कारण दाराशी बदली कामगार उभाच. त्या वह्यांत भिशीच्या नावांपुढे खुणा आहेत. कोणी ज्वारी दिली, कोणी सरपणाचे पैसे दिले, कोणाच्या नावापुढे ‘पुढच्या पगारी’ असे लिहिले आहे. म्हणजे पगार बुडवून चालायचे आणि भिशी उधारीवर ठेवायची, अशी ती वारी होती.

पण एक सोयही झाली होती, ती सांगितली पाहिजे. पूर्वी जाताना चालायचे तसे येतानाही चालायचे. पालखी पौर्णिमेचा गोपाळकाला करून परत फिरते आणि आषाढ वद्यात आळंदीला पोचते. दोन्ही वाटा धरल्या तर महिना उलटून जातो. नोकरदाराला एवढे शक्यच नव्हते. १९०६ साली बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत आली. एकादशीचे दर्शन करायचे, छोट्या गाडीने कुर्डुवाडी गाठायची आणि तिथून मोठ्या गाडीने पुण्याला कामावर हजर व्हायचे. ज्या रेल्वेने माणसाला घड्याळाला बांधले, तिनेच परतीचे दहा-बारा दिवस वाचवून दिले. पुढे १९४८ साली एस. टी. सुरू झाली आणि परतीचा प्रश्न आणखी सोपा झाला. परतवारी करणारे आजही आहेत, त्यांच्या पायी आमचा दंडवत. पण शहरातली दिंडी टिकली ती या गाड्यांमुळे, हे खरे आहे.

वीस दिवसांचा एक दिवस

१९४५ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराला वर्षाकाठी दहा दिवसांची भरपगारी सुटी मिळू लागली. मग स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कायदा आला. त्याचा हिशेब आपल्या दिंडीतल्या कारखान्याच्या मंडळींना पाठ होता. मागल्या वर्षात निदान २४० दिवस भरावे लागत. वीस दिवस काम केले की एक दिवस रजा. २४० दिवसांचे बारा दिवस, ३०० दिवसांचे पंधरा. अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा. वर्षातून तीन वेळांपेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत. न घेतलेली रजा पुढल्या वर्षात नेता येते, पण तीस दिवसांपर्यंतच.

आता वारीचा हिशेब मांडा. आळंदी ते पंढरपूर अठरा दिवस आणि रजा पंधरा. तीन दिवस कमी पडतात. पण कायद्यात आणखी एक ओळ आहे. रजेच्या दिवसांत जी साप्ताहिक सुटी येईल ती रजेत धरायची नाही. पंधरा रजा आणि मध्ये येणारे तीन सुटीचे वार मिळून झाले अठरा! हे पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आले ते वहीत नाही, पण एका पानावर ‘१५ + ३ = १८’ एवढेच ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ज्याने त्या रेघा मारल्या त्याचा आनंद आम्हाला इतक्या वर्षांनी कळला.

यातली खोच अशी की पंधरा दिवस मिळायला आदल्या वर्षी तीनशे दिवस भरावे लागतात. म्हणजे वर्षभर खाडा नाही, लग्नाला नाही, जत्रेला नाही, पाऊस आहे म्हणून नाही. आमचे एक काका तीस वर्षे कारखान्यात होते. ताप अंगावर काढून कामावर जायचे. काकू ओरडायच्या, तेव्हा म्हणायचे, ‘अगं, आज एक दिवस बुडाला तर आषाढात माळशिरसला गाडीत बसावं लागेल.’ शेतकरी जसा पेरून निघायचा तसे हे वर्षभर दिवस पेरायचे.

पंधरा दिवस आधीच्या अर्जाचीही एक रीत पडून गेली. पालखीच्या आधी आठ दिवस वटपौर्णिमा येते. तिच्याही आठवडाभर आधी अर्ज साहेबाच्या टेबलावर पाहिजे. दिंडीतल्या बायका म्हणायच्या, ‘आमचा वड नंतर, ह्यांचा अर्ज आधी.’

खोटा दाखला

आता जरा अडचणीचे. इतिहास लिहायचा तर तेही लिहायला हवे.

रजा मिळाली नाही की लोक आजारी पडायचे. डॉक्टरचा दाखला मिळायचा. कोणाची आजी दोनदा वारायची. दिंडीत यावर हसणे व्हायचे आणि सगळ्यांना ते चालून जायचे. एका वर्षी मात्र एक गोष्ट घडली, ती जुनी मंडळी अजून सांगतात. कारखान्याचे आणि माणसाचे नाव ते सांगत नाहीत, आम्हीही विचारले नाही.

आपल्यातला एक जण पोटदुखीचा दाखला देऊन निघाला होता. त्या दिवशी वीणा त्याच्या गळ्यात होती. लक्ष्मी रस्त्यावर ही गर्दी! वीणेकऱ्याच्या पायावर डोके ठेवायला माणसे वाकत होती. एक गृहस्थ वाकले, उठले आणि समोर बघतच राहिले. ते याच्याच खात्यातले साहेब होते. याचे पाय लटपटले. साहेब म्हणाले, ‘बरं वाटतंय का आता?’ एवढेच बोलले, हात जोडले आणि गर्दीत गेले.

माऊलींची पालखी पुण्यात दोन रात्री असते, भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. तुकोबांची नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला. त्या रात्री हा माणूस जेवला नाही. तळावरच्या म्हाताऱ्या वीणेकऱ्यांनी त्याला जवळ बसवून घेतले आणि म्हणाले, ‘देवाकडे जायचं आणि दारातून निघतानाच खोटं बोलायचं? मग तिथं जाऊन काय सांगणार?’ मधला दिवस हातात होता. सकाळी तो धुतले कपडे घालून कारखान्याच्या दारात गेला आणि खरे सांगितले. साहेबांनी दाखला परत दिला आणि बिनपगारी रजेचा कागद पुढे केला. त्याने अंगठा उमटवला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो दिंडीत होता. पगार बुडाला, पण दिवे घाट त्याने वाकलेल्या मानेने चढला नाही.

तेव्हापासून दिंडीचा अलिखित नियम आहे की, वारीसाठी खोटा दाखला काढायचा नाही. नियम कधीच मोडला नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण मोडणाऱ्याला तो मोडल्याचे कळत असते, एवढी त्याची किंमत आहे.

ज्यांना रजाच नव्हती

हमाल मंडळींचे गणित वेगळेच होते. त्यांना अडवणारा साहेब नाही, पण देणाराही कोणी नाही. पाठीवर पोते आहे तोवर पैसा. चालायला लागले की मिळकत बंद. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, पुढे १९६९ साली माथाडी कायदा आला, तेव्हा कुठे त्यांच्या घामाचा हिशेब कागदावर येऊ लागला. तोवर त्यांची वारी म्हणजे उधारीची वारी. तरी दिंडीचे सामान गाडीवर चढवायला सगळ्यांत आधी तेच हजर असायचे. ‘रोज दुसऱ्याचं वाहतो, आज विठोबाचं’ असे म्हणायचे.

आणि बायका? खरे सांगायचे तर पहिल्या काही वर्षांच्या वह्यांत बायकांची नावेच फार थोडी आहेत. आहेत त्या बहुतेक म्हाताऱ्या. सून घरात आली, चूल तिच्या हाती गेली, मगच सासू डोक्यावर तुळस घेऊन निघायची. घराला कायदा नाही, वीस दिवसांचा एक दिवस नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे तर दुहेरी. पंधरा दिवस गेली तर बदलीची बाई लावायला हवी आणि परत आल्यावर ती घरे बदलीवालीकडेच राहायची भीती. १९८० साली पुण्यात मोलकरणींचा संप झाला. त्यातून संघटना उभी राहिली आणि हक्काच्या सुटीची भाषा त्यांच्या तोंडी आली. आपल्या दिंडीतल्या दोन मावश्यांनी त्यानंतर एक युक्ती केली. एक वर्ष एकीने चालायचे, दुसरीने दोघींची कामे सांभाळायची, पुढल्या वर्षी उलटे. पंढरपुरात पोचली की चालणारी पहिला नमस्कार घरी राहिलेलीच्या नावाने करायची. याहून मोठी वारी आम्ही पाहिलेली नाही.

शिकलेली मंडळीही वाटेवर होतीच. पुण्याचे विष्णुबुवा जोग महाराज यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यांच्या परंपरेतले सोनोपंत दांडेकर सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि तरीही वारकरी होते. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एका दिंडीत असूनही ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात, याचे दुःख त्यांनी त्यात मांडले आहे. आपल्या दिंडीलाही तो प्रश्न होता. आज आपली पंगत एक आहे, पण ती पहिल्या दिवसापासून एक नव्हती, हे लपवायचे कारण नाही.

पानशेतचे साल

१९६१ साली अधिक महिना आला होता, म्हणून आषाढी जुलैच्या अखेरीकडे होती. १२ जुलैला, ज्येष्ठ अमावास्येला, सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि दुपारपर्यंत पुण्यात पाणी शिरले. पालख्या पुणे सोडून तीन-चार दिवस झाले होते. आपली दिंडी सासवडच्या पुढे होती. निरोप आला तो अर्धवट. कोणी म्हणे शनिवार पेठ गेली, कोणी म्हणे नारायण पेठ, कोणी म्हणे सगळे पुणेच गेले. दिंडीतल्या निम्म्यांची घरे नदीकाठच्या पेठांत. भजन चालू होते, पण कोणाच्या टाळाला टाळ लागेना.

त्या वेळी वीणेकऱ्यांनी जे सांगितले ते दिंडीच्या कामाचे आहे. ‘ज्याचं घर काठावर आहे त्यानं आत्ता परत फिरायचं. त्याची वारी मोडली असं जो म्हणेल, त्याची मोडली.’ मिळेल त्या वाहनाने माणसे परत आली. कोणाचे घर होते, कोणाच्या जागी चिखल होता. पुढचे कित्येक दिवस त्यांची वारी म्हणजे गाळ उपसणे. रजा वारीची होती, ती पुरात खर्ची पडली. दिंडीच्या वहीत त्या वर्षी परतलेल्यांच्या नावापुढे ‘वारी पूर्ण’ असेच लिहिले आहे.

रजा होती, वाट नव्हती

असेच उलटे साल २०२०. आधी रजा नाही म्हणून लोक अडायचे. त्या वर्षी कारखाने बंद, कचेऱ्या बंद, अर्ज देण्याची गरजच नाही. आणि वारी बंद. पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या आणि १ जुलैला एकादशी झाली. २०२१ लाही तसेच. शंभर वर्षांत पहिल्यांदा बहुतेकांना रजा होती आणि वाट कोणालाच नव्हती. आपल्यातले दवाखान्यात आणि सफाईच्या कामावर असलेले मात्र रोज कामावर जात होते. २०२२ ला पुन्हा वाट मोकळी झाली, तेव्हा आम्ही त्यांना दिंडीत सगळ्यांच्या पुढे चालवले.

आता रजेचे रूप बदलले आहे. संगणकाच्या कंपन्यांतली मुले आयटी दिंडी म्हणून आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड चालतात. आपल्याही दिंडीत अशी मुले येतात. रजेचा अर्ज मोबाईलवर, मंजुरी मोबाईलवर. पण कंत्राटावर असलेल्यांची आणि घरोघर सामान पोचवणाऱ्या पोरांची गत शंभर वर्षांपूर्वीच्या बदली कामगारासारखीच आहे. चालला तेवढे दिवस कमाई नाही. भिशीत त्यांच्याकडून अर्धेच घ्यायचे असे आम्ही ठरवले आहे. ही सवलत समजू नका, ती जुनीच रीत आहे. ‘पुढच्या पगारी’ ही ओळ आम्ही विसरलो नाही.

बेत कसा करावा

नव्या मंडळींसाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

पाडव्याला पंचांग उघडा आणि आषाढी कधी ते बघा. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून आषाढी दरसाल अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना पडला की अठरा-एकोणीस दिवस पलीकडे जाते. २०२३ ला ती २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून २५ जुलैला. ‘मागल्या वर्षी याच तारखेला होती’ असे धरून रजा टाकणारा हमखास फसतो.

रजा किती आहे ते पाहून वारीचा तुकडा ठरवा. अठरा दिवस असतील तर उत्तमच. आठवडा असेल तर लोणंदपासून चांदोबाच्या लिंबाचे रिंगण करून फलटणपुढे जा, किंवा शेवटचा टप्पा धरून वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी करत पंढरीत शिरा. एकच दिवस असेल तर पुणे ते सासवड चाला. दिवे घाटाचा हा टप्पा मोठा आणि दमवणारा आहे, आधी महिनाभर रोज चालायची सवय ठेवा. नवी चप्पल त्या दिवशी काढू नका. पूर्वी एका दिवसाच्या वारकऱ्याला आपल्याच दिंडीत ‘सासवडचे पाव्हणे’ म्हणून चिडवायचे. ते चुकीचे होते. ज्याच्याकडे जेवढे शिल्लक आहे तेवढे तो देतो.

सगळ्यांत महत्त्वाचे, काम उरकून निघा. आपल्यामागे कोण काय सांभाळणार ते नीट सांगून निघा. संध्याकाळी तळावर समाजआरतीला चोपदार काठी वर करतात आणि लाखो माणसे एका क्षणात गप्प होतात. त्या वेळी ज्याच्या डोक्यात कचेरीचा फोन वाजत असतो, तो तिथे असून नसतो.

पहिला नमस्कार

आपला देव मुळात थांबणारा आहे. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत होता, हातचे काम सोडून तो उठला नाही. वीट पुढे सारली आणि देव तिच्यावर उभा राहिला, तो अजून उभा आहे. सावता महाराज अरणच्या मळ्यातच राहिले, कांदा-मुळ्यात त्यांना विठ्ठल भेटला. म्हणून आजही त्यांची पालखी पंढरीला येत नाही, पांडुरंगाचीच पालखी त्यांच्याकडे अरणला जाते. तेव्हा ज्याला रजा मिळाली नाही त्याने खंत करू नये. आणि ज्याला मिळाली त्याने ती कोणी दिली हे विसरू नये.

या स्मरणिकेच्या शेवटी शंभर वर्षांत चाललेल्यांची नावे आहेत. ती यादी करताना आम्हाला जाणवले की दुसरी यादी कोणी केलीच नाही. आपल्या जागी दोन पाळ्या करणारा सोबती, पोरे आणि म्हातारी माणसे सांभाळणारी घरधनीण, मागे राहून दुबार पेरणी करणारा भाऊ, ‘जा, मी बघतो’ म्हणणारा साहेब, बदलीच्या घरांवर हक्क न सांगणारी मावशी. त्यांच्या पायांना फोड आले नाहीत, पण आपली वारी त्यांच्या पायांवर झाली. ती नावे आता मिळायची नाहीत. म्हणून दिंडीने ठरवले आहे की, या शताब्दीच्या वर्षापासून पंढरीत चंद्रभागेचे स्नान झाले की पहिला नमस्कार त्या न आलेल्यांच्या नावाने करायचा आणि मग कळसाकडे वळायचे.

पुढल्या शंभर वर्षांतही भोंगा बदलेल, अर्जाचा कागद बदलेल, साहेब बदलतील. पण कोणी म्हातारा तळावर उशिरा आलेल्या पोराला विचारीलच, ‘पेरून आलास ना?’ त्याला ‘हो माऊली’ म्हणता यावे, एवढीच पांडुरंगाचरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरी.